‘उपस्थित राहावे’ : कार्यालयीन व्यायामवर्गाचे आवाहन आणि त्याची भाषा

सरकारी किंवा निमसरकारी कचेरीच्या सूचनाफलकावर एका विशिष्ट प्रकारचा कागद गेल्या काही वर्षांत नित्य दिसू लागला आहे. ‘सर्व अधिकारी व कर्मचारी यांना कळविण्यात येते की’ अशी त्याची सुरुवात होते. मध्यभागी योगवर्गाची वा व्यायामवर्गाची वेळ, जागा आणि प्रशिक्षकाची सोय यांचा तपशील असतो. ‘तरी सर्वांनी उपस्थित राहावे’ ह्या वाक्याने तो संपतो. हिंदी भाषक प्रदेशातील केंद्रीय कार्यालयांत हाच कागद ‘सूचित किया जाता है’ने सुरू होतो आणि ‘अनुरोध है’पाशी थांबतो. कागद वाचणारे पुष्कळ, नाव नोंदविणारे त्याहून कमी आणि तिसऱ्या आठवड्यात सतरंजीवर प्रत्यक्ष दिसणारे फारच थोडे, हा अनुभव कोणत्याही आस्थापनेला नवा नाही. त्याचे कारण सांगताना सामान्यतः कर्मचाऱ्यांच्या आळसाकडे बोट दाखविले जाते. आवाहनाच्या भाषेकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही.

प्रस्तुत लेखात ह्या कागदाकडे एक संहिता म्हणून पाहावयाचे आहे. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. तथापि, हितकर पण कष्टाची अशी एखादी गोष्ट करावयास माणसाला प्रवृत्त करणे हे उपदेशपर वाङ्मयाचे जुनेच कार्य आहे आणि व्यायामवर्गाचे आवाहन हे त्याच कुळातले, अगदी गरीब घरचे का होईना, अपत्य आहे. येथे प्रतिपादन करावयाचे आहे ते असे की, ही आवाहने बहुधा अशा वाचकाला उद्देशून लिहिली जातात की जो त्यांच्याशिवायही आला असता. जो येणार नाही त्याच्याशी बोलण्याची भाषा त्यांच्यापाशी नसते. आणि जो एकदा आला त्याला येत ठेवण्याची तर मुळीच नसते.

मराठी क्रियापदांनी हा भेद फार स्वच्छपणे जपला आहे. ‘येणे’ ही एक क्रिया. ‘येत राहणे’ ही वेगळी. परिपत्रकातील ‘उपस्थित राहावे’मध्ये ‘राहणे’ आहे खरे, परंतु ते ध्वजवंदनाला वा निरोपसमारंभाला उपस्थित राहण्यातले, म्हणजे एका प्रसंगापुरते आहे. २१ जून २०१५ रोजी पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनी दिल्लीच्या राजपथावर (आताचा कर्तव्यपथ) ३५,९८५ जणांनी एकत्र योगासने केली आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. अशा दिवसासाठी हे क्रियापद अगदी योग्य आहे. २२ जूनसाठी ते निरुपयोगी ठरते.

नाव नोंदविणे आणि येत राहणे ह्यांतील अंतर किती असू शकते, ह्याचा एक बोलका हिशेब स्तेफानो देल्लाविग्ना आणि उल्रिके माल्मेंडियर ह्या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतील तीन व्यायामशाळांच्या सात हजारांहून अधिक सभासदांची हजेरी त्यांनी तपासली. महिन्याला सत्तर डॉलरहून अधिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. त्यामुळे त्यांना प्रत्येक खेपेला सतरा डॉलरहून जास्त खर्च पडत होता; वास्तविक दहा खेपांचा पास घेतला असता तर तीच खेप दहा डॉलरांत पडली असती. ही माणसे आळशी नव्हती, की हिशेबात कच्चीही नव्हती. नाव नोंदविताना त्यांनी स्वतःचे जे चित्र डोळ्यांपुढे आणले होते त्या चित्रातील माणसासाठी त्यांनी वर्गणी भरली, इतकेच. कार्यालयीन वर्ग बहुधा विनाशुल्क असतो. तेथे ह्या काल्पनिक माणसाचे नाव यादीत घालणे आणखी सोपे होते.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उपदेशाचे तीन प्रकार मानले आहेत : प्रभुसंमित, सुहृत्संमित आणि कांतासंमित. वेदादी शास्त्रांचा उपदेश धन्याच्या आज्ञेसारखा असतो, तेथे शब्द प्रधान. इतिहास-पुराणांचा मित्राच्या सल्ल्यासारखा, तेथे अर्थ प्रधान. काव्याचा प्रिय स्त्रीच्या बोलण्यासारखा, तेथे रस प्रधान आणि उपदेश त्यात मिसळून गेलेला. हे वर्गीकरण अकराव्या शतकातील काश्मीरमध्ये काव्याचे प्रयोजन सांगण्यासाठी केले गेले. कचेरीतील सतरंजीसाठी नव्हे. तरीही आपल्या विषयावर ते ठेवून पाहिले असता बरेच काही दिसू लागते. ते जेथे अपुरे पडते तेथेही काही दिसते.

आज्ञेपासून आरंभ करणे सोयीचे. जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ मधील ‘नाइन्टीन एटी-फोर’ ह्या कादंबरीच्या पहिल्या भागातील तिसऱ्या प्रकरणात सकाळी सव्वासात वाजता दूरदर्शक पडद्यावरून शिट्टी वाजते. ती कचेरीत काम करणाऱ्यांची उठण्याची वेळ आहे. पडद्यावरील व्यायामशिक्षिका वयोगटाप्रमाणे हुकूम सोडते. विन्स्टन स्मिथ यंत्रवत हातपाय हलवीत आपल्या बालपणाचा आणि पुसल्या गेलेल्या इतिहासाचा विचार करीत असतो. तो पुरेसा वाकत नाही म्हणून ती त्याच्या नावाने आणि क्रमांकाने त्याच्यावर ओरडते. ह्या प्रसंगाचा उल्लेख सर्वत्र हेरगिरीचे उदाहरण म्हणून होतो. प्रकरणाच्या शेवटाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ओरडा खाल्ल्यावर विन्स्टन गुडघे न वाकवता पायाच्या बोटांना स्पर्श करतो, आणि तेही कित्येक वर्षांत प्रथमच. शिक्षिका त्याला शाबासकी देते. म्हणजे आज्ञा सफल झाली. शरीराने ती मानली. ऑर्वेलने हे यश लपविले नाही, आणि प्रसंगाचे खरे भय त्यातच आहे.

ऑर्वेलच्या प्रसंगाला प्रत्यक्ष जगात आधार होते. नभोवाणीवरून समूहव्यायाम हा त्या काळातला एक जगभर पसरलेला प्रकार होता, आणि त्याचा उगम हुकूमशाहीत नव्हे, विमाव्यवसायात आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ ह्या विमा कंपनीने १९२५ मध्ये सकाळच्या व्यायामाचे प्रक्षेपण सुरू केले. विमेदार अधिक जगला तर हप्ते अधिक दिवस येतात आणि भरपाई उशिरा द्यावी लागते, हा त्यामागचा व्यवहार उघड होता. जपानच्या टपाल खात्यातील आयुर्विमा विभागाने ही कल्पना उचलली आणि सम्राट हिरोहितोंच्या राज्यारोहण समारंभाच्या निमित्ताने १ नोव्हेंबर १९२८ रोजी ‘राजिओ ताइसो’, म्हणजे नभोवाणी व्यायाम, सुरू झाला. प्रसाराला टपाल कर्मचारी होतेच. १९३० मध्ये तोक्योच्या कांदा भागातील एका पोलिस शिपायाने मुलांना पहाटे एकत्र जमविण्याची प्रथा पाडली आणि ती देशभर पसरली. युद्धकाळात हाच व्यायाम राष्ट्रीय शिस्तीचे साधन झाला. युद्धानंतर काही काळ तो बंद पडला. १९५१ मध्ये नव्या रचनेसह पुन्हा सुरू झाला आणि १९५२ मध्ये त्याला दुसरा पाठ जोडला गेला. हा दुसरा पाठ विशेषेकरून काम करणाऱ्या प्रौढांसाठी, कामाच्या ठिकाणी करण्यासाठी बांधलेला आहे. प्रत्येक पाठात तेरा हालचाली, आणि वेळ सुमारे तीन मिनिटे. आजही अनेक जपानी कारखान्यांत आणि बांधकामाच्या जागी दिवसाचे काम ह्या तीन मिनिटांनी सुरू होते.

भाषेच्या दृष्टीने ह्या व्यायामाची सूचना पाहण्यासारखी आहे. निवेदक हालचालीचे वर्णन करतो, तिचे नाव घेतो, ‘पासून’ अशा अर्थाच्या प्रत्ययाशी वाक्य अर्धवट सोडतो आणि आकडे मोजू लागतो. आज्ञार्थी क्रियापद येतच नाही. वाक्याची पूर्तता ऐकणाऱ्याचे शरीर करते. पियानो आधीच सुरू झालेला असतो, शेजारचा हात वर गेलेला असतो. अशा स्थितीत वाक्य अपुरे ठेवणे हे हुकूम देण्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरते. आपल्याकडील कवायतीच्या ‘सावधान’शी हे ताडून पाहावे. (‘सावधान’ हा शब्द ऐकून बोहल्यावरून पळ काढण्याची परंपरा तर मराठी माणसाला समर्थांच्या आख्यायिकेपासूनच लाभलेली आहे.) जपानी रचनेतील दुसरी युक्ती मुलांच्या हजेरीपत्रकाची. उन्हाळी सुटीत मुले गळ्यात एक कार्ड अडकवून येतात आणि प्रत्येक दिवसाचा एक शिक्का त्यावर उमटतो. शिक्क्याची किंमत काहीच नसते. पण रिकामा चौकोन डोळ्यांना खुपतो. आज्ञा, सोबत आणि खूण ह्या तिन्ही गोष्टी येथे इतक्या एकजीव झाल्या आहेत की, प्रभुसंमित कोठे संपते ते सांगणे कठीण व्हावे.

सोव्हिएत रशियात १९२९ पासून सकाळच्या व्यायामाचे प्रक्षेपण होते आणि पुढे कारखाने व कचेऱ्यांसाठी कामाच्या मध्येच ‘उत्पादन-व्यायाम’ही आला. त्याचा सर्वांत टिकलेला वाङ्मयीन अवशेष विडंबनात्मक आहे, ही बाब सूचक मानावी लागेल. कवी-गायक व्लादिमीर विसोत्स्की ह्याने १९६८ मध्ये नभोवाणीवरील व्यायामशिक्षकाच्याच आवाजात एक गीत रचले. त्यात जागच्या जागी धावण्याची स्तुती आहे, कारण त्या धावण्यात कोणी पुढे जात नाही आणि कोणी मागे राहत नाही. समूहव्यायामाची आज्ञा ज्यांनी रोज ऐकली त्यांनीच हे गीत डोक्यावर घेतले.

आता आपल्या परिपत्रकाकडे पुन्हा वळू. केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी २०१५ मध्ये विनाशुल्क योगवर्ग सुरू केले. आयुष मंत्रालयाने कामाच्या जागी करावयाचा पाच मिनिटांचा ‘वाय-ब्रेक’ २०२० मध्ये प्रायोगिक स्वरूपात आणि २०२१ मध्ये भ्रमणध्वनीवरील उपयोजनाच्या रूपाने पुढे आणला. त्या सप्टेंबरात कार्मिक विभागाने सर्व मंत्रालयांना त्याचा प्रसार करण्यास कळविले. पाच मिनिटांची ही कल्पना प्रस्तुत लेखकाला मनापासून योग्य वाटते. तीत कामाचा वेळ देण्याची तयारी गृहीत आहे. परंतु मंत्रालयाकडून विभागाकडे, विभागाकडून शाखेकडे असा प्रवास करीत ती फलकावर येते तेव्हा तिच्या वाक्यातून कर्ता नाहीसा झालेला असतो. ‘कळविण्यात येते’ : कोण कळवितो? ‘आयोजित करण्यात आला आहे’ : कोणी केला? ह्या कर्मणी वळणाला आज्ञेचे बळ नाही, कारण न आल्यास काय होईल हे त्यात नाही; आणि निमंत्रणाची ऊबही नाही, कारण बोलावणारा त्यात नाही. प्रभूविना प्रभुसंमित, असे त्याचे वर्णन करता येईल. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्या सक्तीबद्दल आज मतभेद होतील. परंतु राजा स्वतः रोज नमस्कार घालतो, हे प्रजेला ठाऊक होते. फलकावरील कागदाखाली ज्यांची सही असते ते अधिकारी वर्गाला येतात की नाही, हे शाखेतील प्रत्येकाला दुसऱ्या दिवशीच कळते. कागदाचा खरा अर्थ तेथे ठरतो.

सुहृत्संमित प्रकार म्हणजे माहितीपत्रके, व्याख्याने, भिंतीवरील तक्ते : व्यायामाने हृदयविकार टळतो, मधुमेह आटोक्यात राहतो इत्यादी. ह्या सल्ल्यामागे भक्कम शास्त्र आहे आणि त्याचा उगमही कामाच्या जागीच झाला, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ ह्या नियतकालिकात लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून. वाहक दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढून-उतरून तिकिटे देणारे. वाहकांत हृदयविकार कमी, आणि झाल्यास तो सौम्य, असे दिसले. मुंबईत बेस्टच्या दुमजली गाडीत वाहकाला गर्दीतून वरखाली करताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना ह्या निष्कर्षासाठी आकडेवारीची गरज भासू नये.

परंतु मॉरिस ह्यांची थोरवी त्यानंतरच्या पावलात आहे. १९५६ मध्ये त्यांनी ह्याच कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. चालकांच्या विजारींचा कंबरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा होता, आणि तो फरक तरुण, नुकत्याच नोकरीला लागलेल्या चालकांतही होता. म्हणजे फरकाचा काही भाग पायऱ्यांनी घडविला नव्हता. कोण कोणत्या कामाकडे जातो, ह्यातच तो आधी दडलेला होता. आपल्या निष्कर्षाला आपणच छेद देण्याचे हे धैर्य साहित्याच्या अभ्यासकांनीही घ्यावे असे आहे. वाचनाने माणूस सुसंस्कृत होतो असे आपण म्हणतो तेव्हा मुळात कोण वाचावयास बसतो, हे आपण तपासलेले नसते.

साठ वर्षांनी हीच गोष्ट व्यायामवर्गांच्या बाबतीत सिद्ध झाली. इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शँपेन आवारात डेमन जोन्स, डेव्हिड मॉलिटर आणि ज्युलियन रीफ ह्यांनी २०१६ पासून सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे काहींना आरोग्यतपासणी आणि निरनिराळे वर्ग देऊ केले, काहींना नाही. जे सहभागी झाले त्यांची आणि जे झाले नाहीत त्यांची नुसती तुलना केली तर वर्ग फार गुणकारी दिसत. परंतु ज्यांना देऊ केले आणि ज्यांना केले नाही अशा दोन गटांची तुलना केल्यावर व्यायामशाळेतील हजेरी, वैद्यकीय खर्च, रजा ह्यांपैकी कशातही म्हणण्याजोगा फरक उरला नाही. सहभागी होणारे मुळातच अधिक निरोगी आणि कमी खर्चाचे होते. मित्राचा सल्ला ज्याला पटला, त्याला तो आधीच पटलेला होता. तक्ता वाचून जो मान डोलावतो त्याच्यासाठी तक्ता नको होता. ज्याच्यासाठी तो हवा होता त्याला त्यात आपल्या स्थूलतेवर ठेवलेला ठपका तेवढा दिसला असणे अशक्य नाही.

मग पैसे द्यावेत काय? त्याच प्रयोगात तपासणीसाठी काही न देता सुमारे ४७ टक्के आले. शंभर डॉलर देऊ केल्यावर सुमारे ५९ टक्के. दोनशे दिल्यावर ६३. दुसऱ्या शंभरांनी चारच टक्के वाढविले. प्रलोभनाचा प्रश्न केवळ परिणामाचा नाही, शब्दार्थाचाही आहे. आरोग्याची माहिती मागणारे कार्यालयीन कार्यक्रम ‘ऐच्छिक’ असले पाहिजेत असे अमेरिकी कायदा सांगतो. तेथील समान रोजगार संधी आयोगाने २०१६ मध्ये नियम केला की, एकट्या कर्मचाऱ्याच्या विम्याच्या खर्चापैकी ३० टक्क्यांपर्यंतचे प्रलोभन किंवा दंड असला तरी कार्यक्रम ऐच्छिकच राहील. निवृत्तांच्या एका संघटनेने त्याला आव्हान दिले. एवढी रक्कम पणाला लागली असता सहभाग ऐच्छिक कसा, ह्याचे समर्थनीय स्पष्टीकरण आयोगाने दिलेले नाही, असे संघीय न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले. १ जानेवारी २०१९ पासून नियमाचा तो भाग रद्द झाला. एका विशेषणाच्या अर्थावर इतका मोठा व्यवहार अडून राहावा, हे भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारे आहे. आपल्याकडे परिपत्रकात ‘ऐच्छिक’ लिहिले जाते आणि खाली हजेरीपट जोडला जातो. त्या दोहोंपैकी कोणता मजकूर खरा मानावयाचा, हे कर्मचारी अनुभवाने ठरवितात.

तिसऱ्या प्रकाराला, कांतासंमिताला, ह्या क्षेत्रात काही स्थान असेल असे कोणाला वाटले नसते. परंतु कॅथरीन मिल्कमन आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग जणू मम्मट वाचून केल्यासारखा आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या व्यायामशाळेत २२६ जणांचे तीन गट केले. एका गटाला वाचकाला खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्यांचे ध्वनिमुद्रण दिले. पण ते यंत्र व्यायामशाळेतच कुलुपात राहील आणि तेथेच ऐकता येईल अशी अट घातली. दुसऱ्याला ध्वनिमुद्रण स्वतःच्या यंत्रावर दिले आणि ते व्यायाम करतानाच ऐकावे असे सुचविले. तिसऱ्याला काही नाही, केवळ भेटकुपन. आरंभीच्या आठवड्यांत पहिल्या गटाची हजेरी तिसऱ्यापेक्षा ५१ टक्क्यांनी अधिक होती, दुसऱ्याची २९ टक्क्यांनी. पुढे काय झाले ह्या उत्कंठेने माणसे व्यायामाला आली. नोव्हेंबरातील सणाची सुटी मध्ये पडल्यावर मात्र हा फरक ओसरला. असे असूनही प्रयोगाच्या अखेरीस ६१ टक्के लोक, कादंबरी व्यायामशाळेतच अडकवून ठेवण्याच्या सोयीसाठी, पदरचे पैसे द्यावयास तयार होते. कथा स्वतःच्या हाती नको, तर कुलुपात हवी, असे वाचकानेच म्हणावे, हे वाचनव्यवहाराच्या अभ्यासात अपूर्व आहे.

मराठी वाचकाला हे अपूर्व वाटण्याचे कारण नाही. श्रावणातील कहाण्या हाच व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. कहाणी व्रताबरोबर ऐकावयाची असते. व्रत सोडून ती सुटी ऐकण्याची रीत नाही. तिच्या परिभाषेत ‘वसा घेणे’ आणि ‘वसा टाकणे’ अशा दोन स्वतंत्र क्रिया आहेत, आणि कथानकाचा सारा ताण दुसरीत असतो. घेणे एका वाक्यात उरकते. मग वैभव येते, वैभवाने विसर पडतो, वसा मोडतो, दैन्य येते, आणि कोणीतरी आठवण करून देतो. म्हणजे वगळणारा आणि परत येणारा माणूस हाच तिचा नायक किंवा नायिका. शिवाय ती ज्यांना ऐकविली जाते ते सर्व आधीच वशाला बसलेले असतात. प्रवृत्त करणारी संहिता येथे कृतीच्या दाराबाहेर लावलेली नाही. ती कृतीच्या आत, दर आठवड्याला, येत राहणाऱ्यांसाठी आहे. परिपत्रक नेमके उलट करते. ते दारावर लागते, एकदाच लागते, आणि जो दोन आठवडे आला व नंतर खंडला त्याच्याविषयी त्यात अवाक्षर नसते. खंडलेल्याला परत येण्याची वाट शब्दांत दिसली नाही, तर तो संकोचाने कायमचा दूर राहतो.

वशाच्या कल्पनेला आधुनिक प्रयोगातही दुजोरा मिळतो. हेदर रॉयर, मार्क स्टेर आणि जस्टिन सिडनर ह्यांनी अमेरिकेतील एका मोठ्या उद्योगसमूहातील कर्मचाऱ्यांना कार्यालयातीलच व्यायामशाळेत येण्यासाठी काही आठवडे पैसे दिले (निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले). पैसे थांबल्यावर वाढलेली हजेरी बव्हंशी विरली. परंतु त्यानंतर ज्यांच्यापुढे, पदरची रक्कम पणाला लावण्याचा आणि खंड पडल्यास ती धर्मादाय देण्याचा पर्याय ठेवला, त्या गटाची हजेरी दीर्घकाळ टिकून राहिली; जरी तो पर्याय थोड्यांनीच स्वीकारला. दुसऱ्याने दिलेले बक्षीस आणि स्वतः घेतलेला नेम ह्यांतला हा फरक आहे. ‘नेम’ हा शब्द इतर भाषांत नेऊ पाहणाऱ्याला सवय, नियम, व्रत असे तीन पर्याय चाचपावे लागतील, आणि तिन्ही थोडे थोडे चुकतील.

मम्मटाचे वर्गीकरण अपुरे पडते ते एका ठिकाणी. त्याच्या तिन्ही प्रकारांत बोलणारा एक आणि ऐकणारा एक आहे. शेजारी कोणी नाही. मुंबईच्या गिरणगावात कामगारांच्या व्यायामशाळा होत्या, त्या गिरणीच्या नव्हेत, वस्तीच्या होत्या. पाळी संपवून आलेला कामगार तेथे जाई तो कोणत्याही फलकामुळे नव्हे. तालमीत वस्ताद असे, बरोबरीचे असत, आणि एक दिवस न गेल्यास दुसऱ्या दिवशी ‘काल कुठं होतास?’ असे कोणीतरी विचारी. ह्या प्रश्नात आज्ञा नाही, सल्ला नाही, रसही नाही. आपली उणीव कोणाला तरी भासली एवढीच त्यात बातमी आहे. ह्या वस्त्यांतील व्यायामशाळांना दादागिरीची आणि राजकारणाची बाजूही होती, ती झाकण्याचे कारण नाही. तरी ज्या संस्कृतीने बडोद्यासारख्या मराठी मुलखाबाहेरच्या नगरीत बसून १९३६ ते १९४९ ह्या काळात ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध केले, तिच्यापाशी व्यायामाविषयी शब्दांची वाण कधीच नव्हती. कार्यालयीन वर्गात वाण आहे ती ह्या एका प्रश्नाची. चाळीस जणांच्या वर्गात कोण आला नाही हे प्रशिक्षकाला कळत नाही आणि हजेरीपटाला कळले तरी तो विचारीत नाही. सहा-सात जणांच्या ठरलेल्या गटात, त्यातीलच कोणी विचारणारे असले, तर तो प्रश्न आपोआप उमटतो. मात्र तो प्रश्न वरिष्ठाने विचारला की त्याचा अर्थ बदलतो. शब्द तेच राहून तो ज्ञापन होतो.

राहता राहिला ‘सर्व’ हा शब्द. ‘सर्व अधिकारी व कर्मचारी’ ह्या पदावलीत कंत्राटी सफाई कामगार येत नाही, कारण तो कार्यालयाचा कर्मचारी नव्हे, ठेकेदाराचा. बारा तास दाराशी उभा असणारा पहारेकरी येत नाही. इलिनॉयच्या प्रयोगातही नोकरीचे नियमित लाभ मिळणारेच पात्र होते. वर्गाची वेळ सायंकाळी साडेपाचची असेल, तर पाळणाघरातून मूल घेऊन सव्वासहाची गाडी गाठणारी लिपिक स्त्री यादीत असूनही ‘सर्वां’त नसते, तिच्यासाठी वर्ग कामाच्या वेळेत आणण्यापलीकडे दुसरे आवाहन नाही, मग त्याची भाषा कितीही सुधारा. मॉरिस ह्यांच्या वाहकांना कोणी वर्गाला बोलावले नव्हते. ते तिकिटे देत होते. आजच्या कचेरीत त्यांच्या सर्वांत जवळचा माणूस म्हणजे शिपाई. फायली घेऊन तो दिवसभर जिने चढतो, आणि योगवर्गाचे परिपत्रक प्रत्येक मजल्याच्या फलकावर लावून येण्याचे कामही त्याच्याचकडे असते.